बाकापर्यंत बावीस पावलं

कर्जत, ३ नोव्हेंबर १९७२

चि. गोरक्ष यास,

आशीर्वाद लिहावा की नाही, या विचारात दोन आंतर्देशीय पत्रं वाया गेली. शेवटी लिहिते. थोरली बहीण आहे, आशीर्वाद माझ्याकडं शिल्लक असणारच. तू घे, नाहीतर राहू दे.

चार वर्षांचा आपला अबोला मोडायला हे पत्र नाही, कामासाठी आहे. भांडण काय झालं ते तुला पाठ आहे आणि मलाही. आईनं माझ्या नावावर केलेलं बेलापूरचं दीड एकर पाणी मुरून चिबडलं, वर मीठ फुललं. तू पाटकरी, कालव्याच्या चारीचं दार तुझ्या हातात. तूच मुद्दाम पाणी सोडून माझं रान बुडवलंस, असं मी तुझ्या दारात येऊन चारचौघांत म्हणाले. महिन्याभरात पाटाच्या कचेरीत तुझ्याविरुद्ध निनावी अर्ज गेला आणि तुझी दोन वर्षं लांब बदली झाली. तुझ्या बायकोनं, छबूनं, माझं नाव घेतलं. तेव्हा मी बेलापूरच्या मारुतीच्या पारावर उभी राहून आण घेतली की अर्ज मी केला असेल तर माझे हे दोन्ही पाय जातील. आणि यापुढं माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस, असं तुला बजावून एस्टीत बसले. अर्ज कुणी केला ते देव जाणे.

आता काम. माझे पाय गेले आहेत. म्हणजे जागेवर आहेत, पण माझं ऐकत नाहीत. दीड वर्षापूर्वी शाळेतून घरी येताना पोटऱ्या जड व्हायच्या, पारावर जरा टेकलं की पुन्हा हलक्या. मग टेकण्याच्या जागा वाढत गेल्या. तळव्यांना आधी आग, मग मुंग्या, मग काहीच नाही. परवा वर्गात चप्पल पायातून कधी निघाली ते मला कळलं नाही, पहिलीतल्या पोरींना कळलं. आणखीही त्रास आहेत, ते भावाला लिहिण्यासारखे नाहीत.

इथल्या वैद्यांनी वात म्हणून तेलं चोळायला दिली. नगरच्या डॉक्टरांकडं जाणार आहे. पुढंमागं कुणाची सही लागली तर सख्खं माणूस म्हणून तुझंच नाव देईन. तुझे भावोजी जाऊन सोळा वर्षं झाली, दुसरं नाव देऊ तरी कुणाचं? एवढं कळवायचं होतं. उत्तर नाही दिलंस तरी मी जाणार आहेच.

पुष्पाआक्का

•

नगर, २६ नोव्हेंबर १९७२

चि. गोरक्ष यास,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की मान वळायची. असो.

नगरच्या डॉक्टरांनी रबरी हातोडीनं गुडघे ठोकले, तळव्यावर किल्ली ओढली आणि म्हणाले, "बाई, हा वात नव्हे. पाठीच्या मणक्यात काहीतरी आहे. मुंबईला जा, वेळ घालवू नका." चिठ्ठी दिली आहे. सोबतीला साळूबाई येणार. आमच्या शाळेत पाणी भरते ती. तिचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडतो. तो म्हणाला, "बाईंनी माज्या दोन्ही पोरी शिकवल्या, तू जा."

साळूबाई भली आहे, पण तोंडाला फाटक नाही. इकडं येताना एस्टीत सगळ्यांदेखत विचारते, "बाई, तुमी पायाची आण घेतल्ती म्हनं? आख्खं कर्जत बोलतंय. आण खोटी आसंल तर बाधती. मढीला जाऊन कानिफनाथाच्या पायावर डोकं ठेवा, माफी मागा." मी तिला असं झापलं की पुढचे दोन थांबे ती खिडकीबाहेर बघत बसली. मी पोरींना शरीरशास्त्र शिकवते. शपथेनं पाय जाऊ लागले तर कोर्टाबाहेर कुबड्यांची दुकानं लागतील, असं तिला सांगितलं. एस्टी हसली.

हसली खरी, पण मी मढीला जाऊन आले. साळूबाईच्या खांद्यावर भार टाकून पायऱ्या चढले, दर पाच पायऱ्यांनी बसत. माफी कशाची मागितली ते विचारू नकोस.

पुष्पाआक्का

•

मुंबई, २१ डिसेंबर १९७२

चि. गोरक्ष यास,

पंधरा दिवस झाले मी इथं बायकांच्या वॉर्डात आहे, खिडकीजवळची खाट. आता पाय उचलायला मला हात लावावे लागतात. वॉर्डातल्या बाया मला मास्तरीण म्हणतात, कारण मी दोघींना सही करायला शिकवली आणि एका नर्सबाईंची बेरीज सुधारली.

तपासण्या झाल्या. पाठीत सुई घालून औषध सोडलं, टेबलासकट मला उलटीसुलटी केली आणि फोटो काढले. मग जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर सरकवून रंग सोडला आणि पुन्हा फोटो. रंग सोडताना पाठीत असा जाळ उठला की मी डॉक्टरांना तुला द्यायच्या शिव्या दिल्या. डॉक्टर नृसिंह कानडे, वयानं माझ्याएवढेच असतील. माणूस सरळ आहे. मी म्हटलं, मला पोराबाळासारखं समजावू नका, कागदावर काढून दाखवा. त्यांनी काढून दाखवलं, मी तुला तसंच लिहिते.

मणक्यांच्या आत मज्जेची दोरी असते, पायांना हुकूम तिच्यातून जातात. तिला रक्त आणणाऱ्या शिरा वेगळ्या, रक्त परत नेणाऱ्या वेगळ्या. आणणाऱ्या शिरेत जोर असतो, नेणारी शीर मवाळ असते. मधे बारीक बारीक फाटे असतात, त्यांतून जाताना जोर मोडतो. माझ्या पाठीत एका ठिकाणी आणणारी शीर मधले फाटे सोडून थेट नेणाऱ्या शिरेला जुळली आहे. जोराचं रक्त मवाळ शिरांत घुसतं. त्या फुगून मज्जेच्या पाठीवर गांडुळांसारख्या वेटोळ्यात पडल्या आहेत, फोटोत मी डोळ्यांनी पाहिल्या. मज्जेतलं रक्त बाहेर पडायला वाट राहिली नाही, म्हणून ती आत सुजते आहे. असं का झालं, विचारलं. म्हणाले, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही.

ऑपरेशन केलं नाही तर वर्षाच्या आत मी कायमची खाटेवर. केलं तर दहातले काही चांगले चालतात, काही आहेत तिथंच राहतात, एखाद्याचे उरलेसुरले पायही जातात. हे त्यांनी न लपवता सांगितलं, ते मला आवडलं. ऑपरेशन करायचंच, असं मी तिथल्या तिथं सांगितलं.

भांडण पुढं झालं. मला वाटलं होतं, पाठ उघडली की ती सगळी वेटोळी काढून टाकतील. कानडे म्हणतात, नाही. फक्त ती एक जुळणी शोधणार, तेवढीच बांधून तोडणार, फुगलेल्या शिरांना हात लावणार नाही. मी म्हटलं, हे कसलं अर्धवट काम? तण काढायचं तर मुळासकट काढा, सगळा कचरा पाठीत ठेवून मला शिवून टाकणार? ते म्हणाले, "बाई, मज्जेचं रक्त त्याच शिरांतून बाहेर जातं. काही डॉक्टर त्या काढतातही, पण मला ते पटत नाही." मला त्यांचंच पटत नाही. सगळं काढणार असाल तर कागद आणा, असं सांगून मी भिंतीकडं तोंड केलं. तीन दिवस झाले, मी हटले नाही, तेही हटले नाहीत.

आणि इथल्या नियमानं सख्ख्या माणसाची सही लागते. माझी एकटीची चालत नाही. सव्वीस वर्षं पोरींच्या दाखल्यांवर माझी सही चालली, माझ्या पाठीवर चालत नाही! तुझं नाव दिलं आहे. येशील का, असं विचारत नाही. सही लागते, एवढं कळवते.

पुष्पाआक्का

•

मुंबई, ६ जानेवारी १९७३

गोरक्षा,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी चार ओळी! अक्षर अजून उजवीकडं कलतं, कितीदा सांगितलं पाटी सरळ धर म्हणून.

"आक्का, फूट बांधू दे. चर उपसू देऊ नको. तुझ्या रानात हेच झालं हुतं. चारीच्या भरावाला खेकड्यानं भोक पाडलं, चारीचं पाणी रानात न जाता सरळ खालच्या चरात. चर तुंबला, मग रानाचं पाणी जाणार कुठं? रान चिबडलं. मी आधी सहा महिने चर उपसला, खोल केला, कड ढासळली, रान जास्तच बसलं. मग भोक घावलं. तेवढं बांधलं. चर आपोआप उतरला. दोन हंगाम लागले. सतरा तारखेला सहीला येतो. गोरक्ष."

हे मी पाच वेळा वाचलं. मग कानड्यांना बोलावून त्यांनाच वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. म्हणाले, "तुमचे बंधू कुठं शिकले?" मी म्हटलं, पाटावर. मग म्हणाले, "मला इतक्या दिवसांत जे तुम्हाला पटवता आलं नाही, ते यांनी चार ओळींत पटवलं." मी कागदावर माझी सही करून टाकली. फूटच बांधा, म्हटलं. बाकीचं उतरायचं तेव्हा उतरेल.

पण एवढ्यावर हे पत्र संपवून मला झोप लागायची नाही.

तू बदलीवरून परत आल्यावर ते भोक शोधलंस. म्हणजे पाणी तू सोडलं नव्हतंस. मी तुला चारचौघांत चोर ठरवलं आणि तू परत येऊन माझंच रान सहा महिने उपसत होतास. मला कळवलं नाहीस, कारण मीच म्हटलं होतं, डोळ्यांसमोर येऊ नकोस.

तो अर्ज मी केला होता, गोरक्षा.

शाळा सुटल्यावर वर्गात बसून केला, शाळेच्याच दौतीनं. नाव घातलं नाही. तुझ्या दारात भांडून आले होते, छबू म्हणाली होती की विधवा बाईला रान कशाला हवं. त्या रागात केला. आणि मारुतीपुढं आण घेतली तीही ठरवून घेतली, कारण लोक माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, पायाची शपथ घेतली की कुणी पुढं बोलणार नाही. तसंच झालं. कुणी बोललं नाही.

साळूबाई म्हणते ते मी अजूनही मानत नाही. माझे पाय शपथेनं गेले नाहीत. माझ्या पाठीतली फूट मी फोटोत पाहिली आहे, तिला मारुतीचा पार माहीत नाही. पण शपथ खोटी होती. पाय वाचले तरी ती खोटीच राहील, आणि गेले तरी त्यानं तिची फेड होणार नाही. या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवल्या आहेत. इतके दिवस एकत्र होत्या म्हणून मी भीत होते, आता भीत नाही.

सही करायच्या आधी तुला हे कळायला हवं होतं. सतरा तारखेला यायचं की नाही ते आता तू ठरव. नाही आलास तर मी कानड्यांशी भांडून काहीतरी वाट काढीन. तुझ्यावर माझा राग नसेल. पहिल्यांदाच लिहिते हे, मागंही नसायला हवा होता.

तुझी आक्का

•

मुंबई, २९ जानेवारी १९७३

गोरक्षा,

पालथी पडून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. अठरा तारखेला ऑपरेशन झालं, पाच तास. कानडे म्हणाले, फूट घावली. तांदळाच्या दाण्याएवढी जागा होती. बांधली, कापली. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या फुगलेल्या शिरांचा रंग बदलला, लाल होत्या त्या निळसर झाल्या. चर उतरायला लागला म्हणायचं!

पहिले चार दिवस पाय होते तसेच, उलट जास्तच मेले होते. मी कुणाला दाखवलं नाही, पण उशीत तोंड खुपसून रडले. पाचव्या दिवशी नर्सबाई चादर ओढत होत्या तर उजवा अंगठा हलला. मी म्हटलं, पुन्हा चादर ओढा. पुन्हा हलला. साळूबाईनं वॉर्डभर साखर वाटली, सगळ्यांच्या चहाची साखर होती ती, मग बोलणी खाल्ली.

तू आलास, सही केलीस, पाच तास बाहेर बाकावर बसलास आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी आहे म्हणून दौंडच्या गाडीनं गेलास, हे मला नंतर कळलं. आत आला नाहीस. साळूबाईनं मला दहा दिवस काही सांगितलं नाही, डॉक्टरांनी मला बोलू देऊ नका असं बजावलं होतं म्हणे. काल मात्र तिचं तोंड उघडलं. तुझे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले, मी तसेच लिहून ठेवते.

तिनं तुला विचारलं, पत्र वाचून राग न्हाई आला? तू म्हणालास, "मला पैल्या दिवशीच ठावं हुतं. सायबानं अर्ज म्होरं धरला, हे अक्षर वळखतो का म्हनून. त्याच अक्षरावर मी पाटी गिरवली, वळखनार न्हाई व्हय? न्हाई वळखत म्हनलो. मंग आक्कानं पायाची आण घेतली, तवा तर माजी बोबडीच वळली. मी खरं बोललो तर तिची आण बाधल. म्हनून गप बसलो. तरी बाधलीच की."

अरे मूर्खा! चार वर्षं तू हे डोक्यावर घेऊन फिरलास? बदली झाली तरी तोंड उघडलं नाहीस, छबूची बोलणी खाल्लीस, आणि वर माझे पाय त्या शपथेमुळं गेले असं तुला वाटत होतं? मी तुला अक्षर शिकवलं, अक्कल शिकवायची राहून गेली. आणि माझीही कुठं ठेवली होती कोण जाणे. मी फार वाईट वागले रे तुझ्याशी.

साळूबाई आणखी एक म्हणाली. तुझ्या पायात काही नव्हतं. टाचांना बोट जाईल अशा भेगा. तिनं खोदून विचारल्यावर तू सांगितलंस की मढीला नवस बोललास, आक्का चालत माझ्यापुढं येईपर्यंत वहाण घालणार नाही. नोव्हेंबरपासून पाटाच्या काट्याकुट्यातून अनवाणी फिरतोस. माझं पहिलं पत्र मिळालं त्याच आठवड्यात तू मढीला गेला होतास, आणि मी पोस्टमनच्या नावानं बोटं मोडत होते.

तुझी आक्का

•

मुंबई, १५ फेब्रुवारी १९७३, दुपारी चार

गोरक्षा,

तू मला न्यायला आला आहेस. बाहेर बाकावर बसला आहेस, हे साळूबाई सांगून गेली. तुझ्याकडून तिनं आणलेल्या भाजलेल्या ओंब्या मी आत्ता चोळून खाल्ल्या. माझ्याच रानातल्या आहेत म्हणे. चार वर्षांपूर्वी जिथं मीठ फुललं होतं तिथला गहू यंदाच्या दुष्काळात उभा आहे. वॉर्डातल्या सगळ्यांना मूठ मूठ दिला.

तुला आत ये म्हणून निरोप धाडता आला असता. चार ते सहा पुरुषांना मुभा आहे. पण डोळ्यांसमोर येऊ नकोस या माझ्या शब्दाला जागून तू बाहेर बसतोस, तर तो शब्द मलाच उठून मोडला पाहिजे. म्हणून निरोप पाठवला नाही, हे पत्र लिहायला बसले.

माझ्या खाटेपासून तुझ्या बाकापर्यंत बावीस पावलं आहेत. साळूबाईनं वीस मोजली, मी तिच्या मापात दोन वाढवली. गेल्या सोमवारी मी लोखंडी चौकट धरून तीन टाकली. गुरुवारी अकरा. काल सोळा, आणि पडले. कानडे म्हणतात, घाई नको, पूर्ण जोर यायला वर्ष जाईल, डावा पाय थोडा ओढतच राहील. राहू दे. शाळेत मला धावायचं नाही, पोरींना धावायला लावायचं आहे. मी त्यांना म्हटलं, आमच्या पाटकऱ्यानं दोन हंगाम सांगितले आहेत, मला कळतं.

तुझ्या नवसानं पाय आले की कानड्यांच्या सुरीनं, यावर मी तुझ्याशी आयुष्यभर वाद घालीन. घरी गेल्यावर घालू. छबूलाही सांग, आक्का वाद घालायला येते आहे, आणि मारुतीच्या पारावर जाऊन खरं काय ते सांगायलाही येते आहे. जिथं आण घेतली तिथंच उभी राहून सांगणार. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

साळूबाईला खाली धाडून तुझ्यासाठी चपला आणवल्या आहेत, दहा नंबर. तुझा पाय वाढला नसेल असं धरून चालते. त्या चौकटीला बांधल्या आहेत. हे पत्र पदराच्या गाठीत आहे. पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. मधे हात द्यायचा नाही, असं साळूबाईला आणि नर्सबाईंना बजावलं आहे.

आता दार उघडेल. मी वाकडी दिसेन, मधे थांबेन, कदाचित टेकेनही. तुला उठावंसं वाटेल. उठून पुढं आलास तर याद राख. तू बस तिथंच.

मी येते.

आक्का